सिंह झोपला कधी? एका गाण्याचे अवतार आणि ‘पारंपरिक’ हा शब्द

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं गाण्याच्या इतिहासात काय काम? काम आहे. ‘हे तेच गाणं आहे का?’ आणि ‘हे गाणं कोणाचं?’ हे दोन प्रश्न वरवर पाहता एकाच प्रश्नाची दोन रूपं वाटतात. वर्गात मी ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचो, आणि मुलं बहुधा पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला देऊन टाकायची. आज ज्या गाण्याची हकिकत सांगणार आहे तिच्यात हीच गल्लत झाली. पण ती वर्गात झाली नाही, व्यवहारात झाली. त्यामुळे काही लोकांचं भलं झालं आणि एक माणूस कफल्लक अवस्थेत गेला.

गाणं तुम्ही ऐकलेलं आहे, नाव आठवत नसलं तरी. १९९४ सालचा डिस्नेचा ‘द लायन किंग’ मुलांबरोबर, नातवंडांबरोबर पाहिला असेल. त्यात तिमॉन आणि पुम्बा ही जोडगोळी जंगलातून चालता चालता एक गाणं गाते. खाली भरदार आवाजात एकच शब्द घोळत राहतो, वर एक पातळ आवाज तरंगतो, आणि शब्द असे की जंगलात आज रात्री सिंह झोपला आहे. ‘द लायन स्लीप्स टुनाइट’. हॉटेलात, विमानतळावर, मोबाइलच्या रिंगटोनमध्ये, कुठेही हे गाणं कानावर पडतं. ऐकणाऱ्याला वाटतं, आफ्रिकेतलं काहीतरी जुनं लोकगीत असेल. हे जे ‘वाटणं’ आहे ना, तोच आजचा विषय.

तर हे लोकगीत नाही. त्याला जन्मतारीख आहे, गाव आहे आणि कर्ता आहे.

सॉलोमन लिंडा हा झुलू माणूस. जन्म १९०९ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात, पोमेरॉय गावाच्या परिसरातला. लहानपणी गुरं राखली, मिशनच्या शाळेत थोडंफार शिकला. १९३१ च्या सुमाराला, त्या काळच्या हजारो झुलू तरुणांसारखा, पोटासाठी जोहान्सबर्गला आला. आधी एका फर्निचरच्या दुकानात काम केलं. पुढे गॅलो नावाच्या रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्यात लागला, तबकड्या बांधून पेट्यांत भरायच्या कामावर. मुंबईच्या गिरणगावाची ज्यांना माहिती आहे त्यांना हे चित्र लगेच समजेल: घर गावाकडे, माणूस शहरात, आठवडाभर राबायचं आणि शनिवारी रात्री आपल्या भाषेतलं, आपल्या गावचं गाणं. आपल्याकडे भजनी मंडळं होती, कलगी-तुऱ्याचे सामने होते. तिकडे पुरुषांच्या गायनवृंदांच्या स्पर्धा रात्र रात्र चालायच्या. लिंडाच्या वृंदाचं नाव ‘ईव्हनिंग बर्ड्स’. अंगात रेघारेघांचे सूट, डोक्यावर हॅट, असा त्यांचा थाट.

१९३९ साली या मंडळींनी गॅलोच्या स्टुडिओत एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. नाव ‘म्बुबे’. झुलू भाषेत म्हणजे सिंह. शब्द अगदी थोडे आहेत. विषय गुराख्याच्या आयुष्यातला, जनावरांवर टपलेल्या सिंहाचा. खाली खर्जातले आवाज ‘तू सिंह आहेस’ अशा अर्थाचा एक शब्द परत परत म्हणत राहतात. तीन कॉर्डचं छोटं चक्र, ते ठेक्यासारखं अखंड फिरतं. आणि त्याच्या वर लिंडाचा स्वतःचा आवाज. पुरुषाने नेहमीच्या पट्टीच्या वर जाऊन काढलेला तो पातळ, ताणलेला सूर, ज्याला पाश्चात्त्य संगीतात फॉल्सेटो म्हणतात. वृंदात खर्जाचे आवाज वाढवून त्यांचा जाड थर करायचा आणि वर एकच आवाज मोकळा सोडायचा, ही रचना लिंडाची खास.

त्या दिवशी तीनदा ध्वनिमुद्रण झालं. तिसऱ्या वेळी, गाणं संपत आलेलं असताना, लिंडाने आयत्या वेळी एक नवी स्वरावली घेतली. वरून खाली उतरत येणारी, अगदी साधी, काही सेकंदांचीच. ती आधी बसवलेली नव्हती. मैफलीत गवई शेवटच्या आवर्तनात एखादी जागा घेतो आणि घेतल्यावर त्यालाच तिचं नवल वाटतं, तसंच. आज जगभर ज्या चालीवर ‘जंगलात सिंह झोपला’ म्हटलं जातं, ती चाल म्हणजे ही जागा. मूळ तबकडी मिळवून ऐका. शेवटाकडे ती येते आणि अंगावर काटा येतो. झुलू रेकॉर्ड ऐकत असताना अचानक ओळखीचा माणूस भेटावा तसं होतं.

आता एक आक्षेप आत्ताच घेऊन टाकतो, कारण तो प्रामाणिक आक्षेप आहे. लिंडाने तरी हे सगळं शून्यातून निर्माण केलं का? नाही. त्याच्या गाण्यात झुलू लग्नगीतांतली समूहगायनाची पद्धत आहे. मिशनच्या चर्चमधल्या स्तोत्रांची स्वरयोजना आहे. आणि गंमत म्हणजे अमेरिकाही आहे. १८९० च्या दशकात ऑर्फियस मॅकअडू नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन गायक आपला वृंद घेऊन दक्षिण आफ्रिकेत वर्षानुवर्षं हिंडला. त्याच्या कार्यक्रमांचा तिथल्या काळ्या गायकांवर खोल ठसा उमटला. म्हणजे अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांचं गाणं आफ्रिकेत आलं, तिथे ते झुलू गाण्यात मिसळलं, आणि पुढे परत अमेरिकेत गेलं. गाणी अशीच वाढतात. या आक्षेपाकडे मी परत येणार आहे, तोवर तो लक्षात असू द्या.

‘म्बुबे’ दक्षिण आफ्रिकेत तुफान चाललं. चाळिशीचं दशक संपेपर्यंत लाखभर प्रती खपल्याचं सांगितलं जातं. एवढंच नाही, त्या धर्तीच्या गाण्यालाच ‘म्बुबे’ म्हणायला लागले, म्हणजे एका गाण्याच्या नावाचं प्रकाराचं नाव झालं. त्या परंपरेतूनच पुढे ‘लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो’ हा जगप्रसिद्ध वृंद आला. आणि लिंडाला काय मिळालं? गाण्याचे हक्क गॅलो कंपनीकडे गेले ते दहा शिलिंगांत. दहा शिलिंग म्हणजे अर्धा पौंड.

गाण्याचा समुद्रप्रवास त्यानंतरचा. गॅलोच्या काही तबकड्या अमेरिकेत डेका कंपनीकडे पोचल्या होत्या. त्या टाकून दिल्या जाण्याच्या बेतात असताना लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी त्या उचलल्या आणि आपला मित्र पीट सीगर याच्याकडे दिल्या. सीगर तेव्हा आजारी होता, अंथरुणात पडून त्याने ही तबकडी पुन्हा पुन्हा ऐकली आणि गाणं उतरवून घेतलं. झुलू त्याला येत नव्हती. खर्जातला तो ‘तू सिंह आहेस’ या अर्थाचा शब्द त्याच्या कानाला ‘विमोवे’ असा ऐकू आला, त्याने तसाच लिहिला. त्याच्या ‘द वीव्हर्स’ या गटाने १९५१ च्या अखेरीला हे गाणं ‘विमोवे’ नावानेच मुद्रित केलं आणि ५२ साली ते अमेरिकेत लोकप्रिय झालं.

कुठल्याच भाषेत ‘विमोवे’ असा शब्द नाही. झुलूत नाही, इंग्रजीत नाही. आणि नेमकी म्हणूनच ती चूक फार मोलाची आहे.

इथे मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेची आठवण काढली पाहिजे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करताना वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर शेकडो हस्तलिखितं होती. कुठलं हस्तलिखित कुठल्यावरून उतरवलं हे कसं ठरवायचं? पाठचिकित्सेचा एक जुना नियम असा, की दोन पोथ्यांत बरोबर पाठ सारखा असला तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. बरोबर पाठ कुणीही बरोबरच लिहील. पण दोन पोथ्यांत एकच चूक, तीही विचित्र चूक, एकाच जागी सापडली तर त्यांचं नातं नाकारता येत नाही. कॉपी केलेला विद्यार्थी मास्तरांना सापडतो तो बरोबर उत्तरावरून नव्हे. शेजाऱ्याची चूक जशीच्या तशी उतरवल्यावरून सापडतो. ‘विमोवे’ ही तशी चूक आहे. १९५१ नंतर ज्या ज्या गायकाने ‘विमोवे’ म्हटलं, त्याने ते झुलू लोकांकडून घेतलेलं नाही, आफ्रिकेतल्या कुठल्या अनाम परंपरेतून घेतलेलं नाही. ते सीगरच्या कानातून आलं आहे आणि सीगरच्या कानात ते लिंडाच्या तबकडीतून गेलं. वंशावळ सरळ आहे.

दुसरी चूक अर्थाची. वीव्हर्स कार्यक्रमात हे गाणं म्हणण्याआधी सीगर त्याची एक दंतकथा सांगायचा: झुलूंचा शेवटचा राजा शाका, ज्याला सिंह म्हणत, तो गोऱ्यांचं राज्य आल्यावर मेला नाही, झोपी गेला आहे आणि एक दिवस जागा होणार आहे. फार सुंदर गोष्ट. पण शाका झुलूंचा शेवटचा राजा नव्हता, आणि तो १८२८ साली आपल्या सावत्र भावांच्या हातून मारला गेला. लिंडाच्या गाण्यात झोपलेला राजाही नाही आणि झोपलेला सिंहही नाही. म्हणजे सिंहाला झोपवला तो न्यूयॉर्कमध्ये. पुढे तो झोपलेलाच राहिला. फ्रेंच भाषेत तर १९६२ साली हेन्री साल्वादोर यांनी जे गाणं गायलं त्याचं नावच ‘आज संध्याकाळी सिंह मेला’ अशा अर्थाचं आहे. टपलेला, मग झोपलेला, मग मेलेला! हसू येतं खरं, पण प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीचा शिक्का आहे.

आता श्रेयनामावलीकडे या. वीव्हर्सच्या रेकॉर्डवर रचनाकार म्हणून नाव होतं ‘पॉल कॅम्पबेल’. हा कोण? कोणीच नाही. वीव्हर्स मंडळी आणि त्यांचे प्रकाशक यांनी लोकगीतांच्या आपल्या रूपांतरांवरचे हक्क सांगण्यासाठी वापरलेलं ते टोपणनाव होतं. आणि सीगरने ज्या तबकडीवरून गाणं उतरवलं, तिच्यावर सॉलोमन लिंडाच्या ईव्हनिंग बर्ड्सचं नाव छापलेलं होतं. ज्याला नाव होतं तो अनाम झाला, आणि जो अस्तित्वातच नव्हता त्याला नाव मिळालं.

सीगरविषयी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. तो काही लबाड माणूस नव्हता. डाव्या विचारांचा, कामगारांच्या बाजूचा, वर्णभेदाविरुद्ध उभा राहिलेला माणूस. मॅकार्थीच्या काळात या राजकारणापायीच वीव्हर्स काळ्या यादीत गेले आणि त्यांचे कार्यक्रम बंद पडले. लिंडाचं नाव कळल्यावर आपला वाटा त्याला पाठवायला सीगरने प्रकाशकांना सांगितलं, एक हजार डॉलरचा चेक गेलाही. पुढचं ते बघतील असं त्याने धरून चाललं. म्हणून तर हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. चोर चोरी करतो यात विचार करण्यासारखं काय आहे? पण सज्जन माणसाला, लोकसंगीतावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाला, तबकडीवर छापलेलं नाव दिसत नाही, तेव्हा दोष त्याच्या डोळ्यांत नसतो, त्याच्या मनातल्या एका कल्पनेत असतो. कल्पना अशी: युरोपात संगीतकार असतात, आफ्रिकेत परंपरा असते.

‘पारंपरिक’ हा शब्द आपण वर्णन म्हणून वापरतो. चाल: पारंपरिक. शब्द: पारंपरिक. पण नीट बघा, हा शब्द गाण्याबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त कर्त्याची चौकशी थांबवतो. ‘कर्ता माहीत नाही’ आणि ‘कर्ता नाही’ या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं विधान माझ्या ज्ञानाबद्दल आहे, दुसरं जगाबद्दल. तर्कशास्त्राच्या पहिल्या महिन्यात आपण हा फरक शिकवतो. आणि व्यवहारात पहिल्यावरून दुसऱ्यावर बेधडक उडी मारली जाते, विशेषतः उडी मारणाऱ्याचा फायदा असेल तर.

आपल्या संतांनी याचा बंदोबस्त मोठ्या हुशारीने केला होता. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा ओवून टाकायची: नामा म्हणे, तुका म्हणे, जनी म्हणे. श्रेयनामावली गाण्याच्या बाहेर ठेवलीच नाही, ती गाण्यातच शिवून टाकली. गाणारा बदलो, चाल बदलो, नाव सोबत जातं. प्रक्षेप झाले, दुसऱ्यांनी लिहून तुकोबांच्या नावावर घातलं, तो वेगळा विषय. आणि जिथे खरोखर मौखिक परंपरा आहे, जात्यावरच्या ओव्यांची, तिथेही हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव टिपलं. परंपरा म्हटलं की नाव पुसलंच पाहिजे असं कुठे आहे?

आता १९६१. ब्रुकलिनची ‘द टोकन्स’ नावाची पोरं. त्यांना ‘विमोवे’ आवडायचं. आरसीए कंपनीचे निर्माते ह्यूगो पेरेटी आणि लुइजी क्रिएटोरे, आणि गीतकार जॉर्ज डेव्हिड वाइस, यांनी त्याला नवा साज द्यायचं ठरवलं. वाइसने लिंडाच्या त्या आयत्या वेळच्या जागेला मुख्य चाल केलं, तिच्यावर इंग्रजी शब्द बसवले आणि नाव दिलं ‘द लायन स्लीप्स टुनाइट’. टोकन्सच्या जे सीगलने ते गायलं. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टाकलेलं हे गाणं वर्ष संपायच्या आत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. रचनाकार: पेरेटी, क्रिएटोरे, वाइस. लिंडा नाही.

एक योगायोग बघा. याच तिघांच्या नावावर त्याच वर्षी आणखी एक अमर गाणं आहे, एल्विस प्रेस्लीने गायलेलं ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’. त्याची चाल ‘प्लेझीर दामूर’ या फ्रेंच गाण्यावरून घेतलेली आहे, मार्टिनी या संगीतकाराचं १७८४ च्या सुमाराचं गाणं. म्हणजे तीच माणसं, तेच साल, तीच कृती: जुनी चाल घ्यायची, नवे शब्द बसवायचे, आपलं नाव घालायचं. एका कृतीबद्दल कुणाची काही तक्रार नाही, दुसरी अन्यायाचं उदाहरण ठरली. का? मार्टिनीला जाऊन जवळजवळ दीडशे वर्षं झाली होती, त्याची चाल सगळ्यांची झालेली होती. लिंडा १९६१ मध्ये जोहान्सबर्गजवळ सोवेटोत राहत होता. आजारी होता, पण जिवंत होता. कृती तीच असून तिचं नैतिक मूल्य बदललं, कारण बदललं ते समोरच्या वस्तूचं स्थान.

जॉन लॉकचं मालमत्तेचं विवेचन तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. निसर्गात जे सर्वांचं आहे, त्यात मी माझे श्रम मिसळले की ते माझं होतं, असा त्याचा युक्तिवाद. वाइसच्या बाजूने नेहमी हेच सांगितलं जातं: त्याने शब्द लिहिले, बांधणी बदलली, मेहनत घेतली, म्हणून गाणं त्याचं. मेहनत घेतली हे मला शंभर टक्के मान्य आहे. त्याच्याशिवाय हे गाणं एवढं पसरलं नसतं. पण लॉकची पहिली अट लोक विसरतात. ज्यात श्रम मिसळायचे ती वस्तू मुळात सर्वांची असली पाहिजे. शेजाऱ्याच्या शेतात मी रात्रंदिवस नांगर धरला म्हणून शेत माझं होत नाही, फार तर मजुरी मागता येईल. आणि म्हणूनच ‘पारंपरिक’ या शब्दाची गरज पडते. तो शेताच्या बांधावरचा दगड उचलून फेकतो. एकदा का शेत गायरान ठरलं, की मग नांगरणाऱ्याचे श्रम मोजायला आपण मोकळे!

आता मघाचा आक्षेप. लिंडानेही घेतलं होतं, मग वाइसने घेतलं तर काय बिघडलं? उत्तर असं, की घेण्याघेण्यात फरक आहे. लिंडाने घेतली ती गायनाची पद्धत, स्वरयोजनेची सवय, एक बोली म्हणा. मी मराठीत लेख लिहितो तेव्हा मराठी भाषा घेतो, ती कुणा एकाची नाही. वाइसने घेतली ती विशिष्ट दिवशी, विशिष्ट माणसाने, विशिष्ट स्टुडिओत घेतलेली विशिष्ट स्वरावली, जिच्या तबकडीवर नाव छापलं होतं. एकाने भाषा घेतली, दुसऱ्याने वाक्य.

इतर कव्हर व्हर्जन्सची यादी लांबलचक आहे, सगळी सांगत बसत नाही. इंग्लंडमध्ये कार्ल डेन्व्हरने १९६२ मध्ये ते गाजवलं, तिथेच १९८२ मध्ये ‘टाइट फिट’ने पहिल्या क्रमांकावर नेलं. १९७२ मध्ये रॉबर्ट जॉनने अमेरिकेत परत आणलं. बहुतेक सगळी टोकन्सची लेकरं. एक मात्र वेगळं, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगलं: मिरियम मकेबाचं, १९६० चं. ती दक्षिण आफ्रिकेची, झुलू शब्द तिला कळत होते, ती ‘विमोवे’ म्हणत नाही, ‘म्बुबे’च म्हणते. मे १९६२ मध्ये न्यूयॉर्कला केनेडींच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमातही तिने ते गायलं. तेव्हा तिच्या स्वतःच्या देशाने तिचा पासपोर्ट रद्द केलेला होता.

पहिला प्रश्न अजून उरलाच आहे: हे सगळं एकच गाणं आहे का? नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६८ च्या आपल्या ग्रंथात फार कडक भूमिका घेतली. कृतीची ओळख तिच्या स्वरलेखनावरून ठरते, आणि सादरीकरणात एक स्वर जरी चुकला तरी ते त्या कृतीचं सादरीकरण नव्हे. या मोजपट्टीने लिंडाने स्वतः दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी गायलेलं गाणंही एक नव्हे! ही भूमिका बीथोव्हनच्या छापील संहितेसाठी एक वेळ चालेल. आपल्या रागसंगीताला तर ती लागूच पडत नाही, आणि ‘म्बुबे’लाही नाही. मला वाटतं गाण्याची ओळख स्वरांच्या यादीत नसते, ऐकण्याच्या साखळीत असते. कुणी कुणाकडून ऐकलं, ही ती साखळी. या अर्थाने ‘म्बुबे’ ते ‘द लायन किंग’ ही एक अखंड साखळी आहे. आणि समजा कुणाला हे पटलं नाही, कुणी म्हणालं की वाइसचं गाणं वेगळंच आहे, तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने बदलत नाही. मुलगा बापाहून वेगळा असतो, म्हणून तो पोरका ठरत नाही.

लिंडा १९५९ मध्ये कार्यक्रम चालू असताना रंगमंचावर कोसळला. १९६२ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. बँकेत २५ डॉलरहून कमी रक्कम होती. कबरीवर दगड बसवायला घरच्यांना १८ वर्षं लागली. मुली सोवेटोत गरिबीत वाढल्या.

२००० साली दक्षिण आफ्रिकेचे पत्रकार रियान मलान यांनी ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात सगळा इतिहास खणून काढला. गाण्याने एव्हाना दीड कोटी डॉलर मिळवले असावेत असा त्यांचा अंदाज होता. त्यानंतर वकील कामाला लागले. ओवेन डीन नावाच्या कायदेतज्ज्ञाला जे सापडलं, ते मला या साऱ्या हकिकतीतलं सगळ्यांत रंजक वाटतं. ब्रिटिश साम्राज्याचा १९११ चा कॉपीराइट कायदा. त्यात अशी तरतूद होती, की लेखकाने किंवा संगीतकाराने हयातीत हक्क कुणाला विकले असले, तरी त्याच्या मृत्यूला २५ वर्षं झाल्यावर ते त्याच्या वारसांच्या बाजूला परत येतात. चार्ल्स डिकन्सच्या नावाने ही तरतूद ओळखली जाते. अडाणीपणाने किंवा गरजेपोटी कवडीमोलाने हक्क विकलेल्या कलावंताच्या मुलाबाळांना दुसरी संधी मिळावी, हा हेतू. हा कायदा साम्राज्यभर लागू झाला. आपल्याकडेही १९१४ च्या कायद्याने तोच आला आणि १९५७ चा आपला कायदा येईपर्यंत चालला. दक्षिण आफ्रिकेत तो १९६५ पर्यंत होता, म्हणजे लिंडाच्या सगळ्या कागदपत्रांना लागू.

१९६२ अधिक २५ म्हणजे १९८७. त्या वर्षी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, जुन्या साम्राज्याच्या प्रदेशांतले ‘म्बुबे’चे हक्क लिंडाच्या वारसांकडे परत आलेले होते. दहा शिलिंगांचा व्यवहार संपलेला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. साम्राज्याने केलेल्या कायद्यांबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही, पण हे कलम लिहिणाऱ्याला नमस्कार केला पाहिजे.

२००४ मध्ये डिस्नेवर दक्षिण आफ्रिकेत दावा लावला गेला. परदेशी कंपनीला तिथल्या कोर्टात आणायचं तर तिची तिथली काही मालमत्ता जप्त दाखवावी लागते, म्हणून वकिलांनी डिस्नेच्या तिथे नोंदलेल्या दोनशेहून अधिक ट्रेडमार्कवरच टाच आणली. मिकी माउसवर जप्ती! फेब्रुवारी २००६ मध्ये, खटला पूर्ण चालण्याआधीच, ज्यांच्याकडे गाण्याचे हक्क होते त्या ॲबिलीन म्युझिक या प्रकाशकांनी तडजोड केली. ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे ‘म्बुबे’वरून आलेलं आहे हे मान्य झालं, लिंडाला सहरचनाकाराचं स्थान मिळालं, १९८७ पासूनच्या रॉयल्टीचा वाटा आणि पुढचाही वाटा वारसांसाठी एका ट्रस्टकडे जाईल असं ठरलं. रक्कम जाहीर केली नाही.

शेवटी आलेल्या प्रश्नांपैकी एकच घेतो, वेळ संपत आली आहे. एका ताईंनी लिहून विचारलं आहे, ‘म्हणजे आता गाणं कायमचं कुटुंबाचं झालं का?’ नाही. कॉपीराइटला मुदत असते आणि ती असावीच, नाहीतर आपल्याला ज्ञानेश्वरी म्हणायलाही परवानगी काढावी लागेल. तडजोडीत ठरलेला करार २०१७ पर्यंतचाच होता. आणि दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत आहे. म्हणजे त्या देशात ‘म्बुबे’ २०१२ च्या अखेरीला खऱ्या अर्थाने सर्वांचं झालं. सोवेटोतला कुठलाही वृंद ते आता कुणालाही पैसे न देता गाऊ शकतो. फक्त कार्यक्रमपत्रिकेवर रचनाकाराच्या पुढे ‘पारंपरिक’ लिहायचं नाही, सॉलोमन लिंडा लिहायचं.